मुलीने हा विषय शिकावा काय?



गेल्या उन्हाळ्यात संग्रामपूर तालुक्यातील आमच्या एका उपदेशक बंधूंची कन्या बारावीच्या परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिला मोठ्या शहरी जाऊन बी. ए. चा अभ्यास करावयाचा आहे, आणि मुख्य विषय म्हणून तिने जो निवडला आहे त्याचे नाव ‘लिंगभाव व लैंगिकता’ असे आहे. हे नाव वाचून तिचे वडील फॉर्म घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, “पाळकसाहेब, पोरगी हुशार आहे, शिकेल, पण मंडळीत कोणी विचारले की मुलगी काय शिकते, तर मी कोणत्या तोंडाने सांगू?” आम्हांस त्या दिवशी नीटसे उत्तर देता आले नाही. हाच प्रश्न पुढे इतर घरांतही उद्भवणार आहे, सबब त्याविषयी चार शब्द येथे लिहितो.

प्रथम हा विषय आहे तरी काय? देवाने मनुष्ये नर व नारी अशी उत्पन्न केली, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. परंतु नारीने आधी वाढावे व मागून उरेल ते खावे, मुलाची फी भरावी व मुलीची शाळा सोडवावी, हे देवाने सांगितले की आपल्या आजोबांनी, याची छाननी करणे म्हणजे लिंगभावाचा अभ्यास. आणि शरीराची ओढ, विवाह, विवाहातील प्रेम व जुलूम, तसेच ज्यांचे देह व मन ठरलेल्या दोन चौकटींत बसत नाहीत अशा माणसांचे जीवन, यांचा विचार तो लैंगिकतेचा अभ्यास होय. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांत असे विभाग निघू लागले, आणि १९७४ साली मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्रियांविषयीच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. हे पाहून कोणी म्हणेल की, हे सारे शहरी व परदेशी खूळ आहे. तसे म्हणणाऱ्यास आमचे एवढेच सांगणे की, त्याने आपल्याच जिल्ह्याच्या गावाकडे, बुलढाण्याकडे पाहावे.

बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे या नावाचे हेड क्लार्क होते. त्यांची कन्या ताराबाई. तिला शाळा मिळाली नाही, बापानेच घरी शिकविले. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नामक एका तरुण विधवेवर आपल्या नवजात मुलास मारल्याचा खटला होऊन तिला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे अपिलात बदलून काळ्या पाण्याची करण्यात आली. वर्तमानपत्रांत स्त्रीजातीच्या चंचलपणावर मोठमोठी व्याख्याने सुरू झाली. तेव्हा १८८२ साली ताराबाईने ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहून पुण्यात छापविले. जे दुर्गुण बाईच्या माथी मारता, ते पुरुषाच्या ठायी नाहीत काय, असा त्या पुस्तकाचा रोख आहे. भाषा तिखट आहे. वऱ्हाडच्या मिरचीसारखी म्हणावी. लोकांनी तिची निंदा केली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’ पत्रात तिची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक लोकांच्या नजरेआड झाले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापीपर्यंत फारसे कोणास ठाऊक नव्हते. आज हा विषय शिकविणाऱ्या दूरदूरच्या विद्यापीठांत ते वाचतात, आणि आमच्या जिल्ह्यातील कितीएक शिक्षित बंधूंस ताराबाईचे नाव माहीत नसते! ती ख्रिस्ती नव्हती. परंतु तिचा प्रश्न शास्त्रास परका नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढा. व्यभिचारात प्रत्यक्ष धरलेली स्त्री प्रभूपुढे आणून उभी केली आहे. प्रत्यक्ष धरली, तर तिच्याबरोबर पुरुषही असलाच पाहिजे. लेवीयाच्या विसाव्या अध्यायातील दहावे वचन दोघांसही सारखीच शिक्षा सांगते. हातात दगड घेऊन मोशेचे नाव घेणाऱ्या त्या शास्त्र्यांनी मोशेचा अर्धाच नियम आणिला, आणि पुरुषास वाटेतच सोडून दिले. आम्ही सेमिनारीत या अध्यायावर परीक्षेत उत्तर लिहिले, पुढे कित्येक वेळा त्यावर उपदेशही केला. पण तो पुरुष कोठे गेला, हे पुसण्याचे आम्हांस सुचले नाही.

ते न सुचल्यामुळे काय घडले, हे सांगणे भाग आहे. आमची दीक्षा नवी होती, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणच्या मंडळीत एक अविवाहित मुलगी गरोदर राहिली. पंचांची सभा भरली. तिला एक वर्ष प्रभुभोजनापासून दूर ठेवावे असे ठरले, व आम्ही आपल्या हाताने रजिस्टरात तिचे नाव व कारण लिहिले. पुरुष कोण हे अर्ध्या गावास ठाऊक होते. सभेत त्याचे नाव कोणी काढले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. पुढच्या रविवारी तो रांगेत गुडघे टेकून बसला होता. भाकर व प्याला त्यास आम्हीच दिला. त्या मुलीचे घर काही महिन्यांनी गाव सोडून गेले. ती आज कोठे आहे, हे आम्हांस माहीत नाही. त्या सभेत आम्ही सारे प्रामाणिक होतो, प्रार्थना करूनच बसलो होतो. उणीव होती ती डोळ्यांची. आणि तसे डोळे पुष्कळदा प्रार्थनेबरोबर अभ्यासानेही यावे लागतात.

आपल्या खारपाण पट्ट्यातील पाण्याचे उदाहरण घ्या. पूर्णेच्या काठच्या कितीतरी विहिरींचे पाणी दिसावयास नितळ असते. पिढ्यानपिढ्या लोक ते प्याले, आणि मूत्रपिंडाच्या विकाराने घरचे माणूस गेले म्हणजे दैवास बोल लावीत राहिले. कोणीतरी ते पाणी बाटलीत भरून तपासावयास नेले, तेव्हा त्यातील क्षारांविषयी बोलणे सुरू झाले. पाणी तपासणारास कोणी घाणेरडा म्हटले नाही. मग घराघरांत जे मुकाट्याने सोसले जाते ते तपासणारी मुलगी निर्लज्ज कशी?

आपल्या ख्रिस्ती संस्थांनीही या बाबतीत चूक केली आहे. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे मिशनच्या कॉलेजात, गणित शिकवीत. संततिनियमनाचा प्रचार करितात म्हणून १९२५ च्या सुमारास त्यांस ती जागा सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, खटला हरले. कर्व्यांची सर्व मते आम्हांस मान्य नाहीत, ते तर देवही मानीत नसत. तरी बाळंतपणांनी झिजून गेलेल्या बाईविषयी बोलण्याचे काम आम्ही न करिता त्यांस करावे लागले, याची आम्हांस लाज वाटते.

आता आमची शंकाही सांगतो. या विषयाच्या पुस्तकांत कित्येक ठिकाणी असा सूर असतो की, स्त्रीपुरुषांमध्ये सत्तेवाचून दुसरे काहीच नाही. क्षमा, व्रत, एकमेकांसाठी झिजणे हे त्या हिशेबात येत नाही. असे शिकविले गेले तर तिने वर्गात उठून प्रश्न विचारावा. त्यासाठी तिने शुभवर्तमान बरोबर न्यावे. आणि तृतीयपंथी व समलिंगी माणसांविषयी? सुप्रीम कोर्टाने २०१४ साली तृतीयपंथीयांस वेगळी ओळख दिली, व २०१८ साली प्रौढांचा संमतीने झालेला समलिंगी संबंध गुन्हा नव्हे असे ठरविले. मंडळ्यांचे याबाबतीत एकमत नाही, व आम्ही या लहानशा लेखात निकाल देऊ म्हणणे उद्धटपणाचे होईल. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्प कूशी षंढास भेटला, तेव्हा त्याने काय केले ते पाहा. तो रथाजवळ धावत गेला, त्याचे वाचन ऐकिले, आणि बोलाविल्यावर त्याच्या शेजारी बसला. बाप्तिस्म्यास काय अडचण आहे हे षंढानेच विचारले, व फिलिप्पाने त्याची जात काढिली नाही. शेगावच्या गाडीत टाळी वाजवीत कोणी आले म्हणजे आम्ही मात्र तोंड खिडकीकडे फिरवितो.

पोट भरेल काय, हा वडिलांचा दुसरा प्रश्न होता, आणि तो योग्यच होता. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला, कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्धचा २०१३ साली. या कायद्यांच्या कामास, दवाखान्यांत, शाळांत व संस्थांत जाणती माणसे लागतात. नोकरीची हमी आम्ही देऊ शकत नाही. ती तर इतर विषयांतही कोण देतो?

शिफारसपत्र लिहावयास बसलो तेव्हा बंधू म्हणाले, “साहेब, नुसते बी. ए. एवढेच लिहा.” मुलगी दाराशी उभी होती, ती काही बोलली नाही. आम्ही त्यांस रजिस्टराची ती जुनी हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी ताराबाईचे पुस्तक कोठे मिळेल असे विचारिले. पत्रात आम्ही विषयाचे नाव पूर्ण लिहिले.