बेदखलांच्या आठवणी

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला निघणाऱ्याला वाटत असतं, कागदावरून निसटलेलं आपल्याला इथे मिळेल. ते थोडंफार मिळतंही. पण माणसं काय उराशी धरतात आणि काय हसण्यावारी नेतात, हे कळणं मला जास्त मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरातल्या बीव्हर बेटावर ते फार स्वच्छ दिसतं.

शार्लव्हॉय बंदरातून बोटीने दोनेक तासांवर असलेलं हे त्या सरोवरातलं सर्वांत मोठं बेट. वस्ती सहाशेच्या आसपास. गॅलाहर, बॉयल, ग्रीन, बॉनर, ओडॉनेल ही आडनावं इतकी पसरली, की टोपणनावाशिवाय माणूस ओळखूच येईना. या घराण्यांचं मूळ आयर्लंडच्या डॉनेगल परगण्यातलं. त्यातली पुष्कळशी अॅरनमोर या दुसऱ्या एका बेटावरची. बटाट्याच्या दुष्काळाने आधीच कंबर मोडली होती. त्यात अॅरनमोर विकत घेतलेल्या जॉन चार्ली या जमीनदाराने १८५१ मध्ये अनेक कुळांना घराबाहेर काढलं. गलबतातून अटलांटिक ओलांडून, मजल दरमजल करत त्यांतले काही बीव्हरला पोचले. त्या हुसकावणीची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, आणि ती सांगताना आवाज आजही जड होतो. साहजिकच आहे.

पण ते पोचले तेव्हा बेट रिकामं कसं होतं?

जेम्स स्ट्रँग नावाच्या माणसाने तिथे मॉर्मन पंथाच्या एका फुटीर गटाची वसाहत उभारली होती. ८ जुलै १८५० रोजी त्याने समारंभपूर्वक स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. अमेरिकेत राजा! त्याचा छापखाना होता, वृत्तपत्र होतं आणि पाच बायका होत्या. १८५६ च्या जूनमध्ये त्याच्यावर त्याच्याच विरोधात गेलेल्या अनुयायांनी गोळ्या झाडल्या. तो मरण्याआधीच आसपासच्या बंदरांतून जमाव येऊन थडकला आणि त्याने सुमारे अडीच हजार मॉर्मनांना बोटींत कोंबून बेटाबाहेर काढलं. त्यांची घरं, साफ केलेली शेतं, बांधलेले रस्ते मागे राहिले. ते सगळं आयरिशांच्या हाती आलं.

मॉर्मन प्रबळ होण्याआधीही काही आयरिश मच्छीमार तिथे होते आणि त्यातल्या काहींना मॉर्मनांच्या जाचापायी निघून जावं लागलं होतं. त्यामुळे ‘आपण परत आलो’ असं म्हणायला त्यांच्या वंशजांना जागा आहे, नाही असं नाही. तरीही बेटावरच्या कहाण्यांमध्ये राजा स्ट्रँग बहुधा गमतीचा विषय म्हणून येतो. दोन हुसकावण्यांमध्ये पाचच वर्षांचं अंतर. एकीचं दुःख झालं, दुसरीची गोष्ट झाली. मुख्य रस्ता मात्र अजून ‘किंग्ज हायवे’ आहे आणि बेटावरच्या कट्टर कॅथलिकांच्या गावाचं सेंट जेम्स हे नाव त्याच मॉर्मन राजावरून पडलेलं आहे.

ऐकणारा काय शोधायला येतो, यावरही पुष्कळ ठरतं. १९३८ मध्ये तेविशीतला अॅलन लोमॅक्स लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र घेऊन बीव्हरवर आला. त्याला हवी होती गाणी. त्यामुळे डॉमिनिक गॅलाहरचा आवाज, पॅट बॉनरचं फिडल तबकड्यांवर उतरलं. मिशिगन विद्यापीठाचे आयव्हन वॉल्टन खलाशांच्या गाण्यांच्या मागावर होते. या दोघांमुळे वाचलं ते अमोल आहे. पण दोघांच्याही कामात माणसाआधी गाणं येतं. पुढे वंशावळी जमवणारे आले तेव्हा म्हातारे आजी-आजोबांची नावं आठवू लागले. लोमॅक्सनंतर थोड्याच वर्षांत लॅम्प्री या रक्तशोषक जीवाने सरोवरातल्या ट्राउट माशांचा फडशा पाडला, मासेमारी कोसळली आणि तरुण मंडळी शिकागोसारख्या शहरांकडे गेली. मागे राहिलेल्या वृद्धांना विचारलं, की ते ‘पूर्वीच्या’ बेटाबद्दल भरभरून बोलत. हे ‘पूर्वी’ म्हणजे मासे मुबलक होते तो काळ. त्याच्या अलीकडची पडझड आपणहून कोण सांगणार?

मौखिक इतिहासाला खोटं ठरवण्याची माझी इच्छा नाही. सरकारी दप्तरंसुद्धा काही कमी गाळत नाहीत. चार्लीच्या बाजूने लिहिलेल्या कागदात त्याची कुळं केवळ थकबाकीदार असणार. माझी तक्रार आहे ती श्रद्धाळू ऐकणाऱ्याबद्दल. ऐंशी वर्षांची आजी बोलू लागली, की तो मान डोलावत राहतो, मध्ये प्रश्न घालणं त्याला उद्धटपणा वाटतो. खरं तर या मंडळींना उलट प्रश्नाचं वावडं नसतं. गप्पांच्या घरात वाढलेली ती माणसं. ‘हे घर तुमच्या आधी कोणाचं होतं?’ एवढं विचारलं तरी आठवण वेगळ्या वाटेने जाते. आणि मॉर्मनांपाशी थांबायचंही कारण नाही. त्यांच्याही आधी या बेटांवर ओडावा या मूळ अमेरिकी जमातीचे लोक होते. बेटाच्या दक्षिण भागातल्या पेन टाउनशिपला त्यांच्याच एका पुढाऱ्याचं नाव आहे. तिथे राहणाऱ्यांपैकी किती जणांना त्याची गोष्ट सांगता येईल, हे पुढच्या मुलाखतीत विचारायला हवं.