शुभवर्तमाने आणि इतिहास

येशूच्या जन्माची हकिकत चारपैकी दोनच शुभवर्तमानांत आहे, मत्तय आणि लूक यांच्या. आणि ती दोघांची जुळत नाही. मत्तयाच्या कथेत हे कुटुंब बेथलेहेमातच राहते, हेरोद राजाच्या भीतीने मिसरात पळते आणि परतल्यावर नासरेथात वस्ती करते. लूकच्या कथेत ते मुळातच नासरेथचे. शिरगणतीत नाव नोंदवायला बेथलेहेमास येते. क्विरीनिय हा सूरियाचा सुभेदार असताना ती शिरगणती झाली, असे लूक सांगतो. ज्यू इतिहासकार जोसेफसच्या लेखनावरून ती इ.स. 6 मधली ठरते: हेरोदाचा मुलगा पदच्युत झाला, यहूदिया थेट रोमच्या अमलाखाली आला आणि करासाठी मालमत्तेची मोजदाद झाली. हेरोद मात्र बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. 4 मध्येच वारला होता. हे सुमारे दहा वर्षांचे अंतर सांधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. पटण्याजोगा एकही नाही.

म्हणून सगळेच रचलेले, असे म्हणणे घाईचे होईल. यहूदियाचा रोमन सुभेदार पिलात याने येशूला देहान्ताची शिक्षा दिल्याचे रोमन इतिहासकार टॅसिटसही नोंदवतो, आणि पिलाताचे नाव कोरलेला दगड 1961 मध्ये कैसरियाच्या नाट्यगृहात सापडला. बाप्तिस्म्याचा प्रसंगही खराच असावा. पापक्षालनासाठी दिला जाणारा बाप्तिस्मा येशूने दुसऱ्याच्या हातून घेतला, ही गोष्ट अनुयायांना अडचणीचीच होती. मत्तय तर बाप्तिस्मा देणाऱ्यालाच आधी नकार द्यायला लावतो. अशी गोष्ट कोणी मुद्दाम कशाला रचेल?

मृत्यूच्या दिवसाचे प्रकरण वेगळे आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांत शेवटचे भोजन हे ज्यूंच्या वल्हांडण सणाचे भोजन आहे. चौथ्या, योहानाच्या शुभवर्तमानात त्या भोजनाच्या आधीच, मंदिरात कोकरे कापली जात असताना, येशू क्रुसावर आहे. याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात येशूला देवाचा कोकरा म्हटले आहे. इथे तारखेने अर्थाचे काम केले आहे, असे मानणेच रास्त. लूक प्रस्तावनेत बारकाईने शोध घेतल्याचे सांगतो, तर वाचकांनी विश्वास ठेवावा म्हणून लिहिले, असे योहान उघड म्हणतो. दोघांना एकच माप लावले तर दोघांवरही अन्याय होतो.

या विसंगती जुन्या ख्रिस्ती वाचकांनाही दिसत होत्या. दुसऱ्या शतकात तातियानाने चारही ग्रंथ गुंफून एकच सलग कथा केली, आणि सूरियातील मंडळ्यांत ती दीर्घकाळ वाचली गेली. पाचव्या शतकात तिथल्या बिशपांनी ती मागे घेऊन पुन्हा चार वेगवेगळी शुभवर्तमाने मंडळ्यांच्या हाती दिली, त्यांच्यातल्या विसंगतींसकट.