पडक्या तटाचे वारस

किल्ला कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा हिशेब मागण्यासाठीच विचारला जातो. सांगोल्याच्या किल्ल्यापाशीही आम्हा मराठी मुसलमानांना उत्तर देताना अडखळायला होते. हा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीत बांधला गेला, असे सांगतात. 'आमचा' म्हणावे, तर जुन्या राजवटीचा तोरा मिरवल्याचा ठपका. 'आमचा नाही' म्हणावे, तर जिथे आमच्या वाडवडिलांच्या कबरी आहेत, त्या गावाच्या इतिहासातून आम्ही आपणहून बाहेर.

तटाची कहाणी मात्र इतकी सरळ नाही. १७५० मध्ये याच सांगोल्यात रामराजांनी कारभाराची सूत्रे पेशव्यांकडे सोपवणारा करार केला. यमाजी शिवदेवाचे इथले बंड सदाशिवरावभाऊंनी मोडले. दोन्ही बाजू मराठेशाहीतल्याच. पुढे गाव इतके भरभराटले की लोक त्याला 'सोन्याचे सांगोले' म्हणत. १८०२ मध्ये ते लुटले गेले. लुटणारे होळकरांच्या फौजेतले पठाण. म्हणजे बांधणारा मुसलमान, लुटणाराही मुसलमान, आणि लुटारूंचा धनी मराठेशाहीतला सरदार! समोरच्या घरात नमाज होते की पूजा, हे लुटणाऱ्यांनी विचारले असेल काय?

धर्माच्या नावावर वारसा घ्यायचा, तर तटाबरोबर लुटीची पोतडीही आमच्या दारात येते. तट घेऊन पोतडी नाकारता येणार नाही. आमच्या माथी पोतडी मारणाऱ्यांनीही हाच नियम स्वतःला लावून पाहावा. कोणी दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहत नाही, ही कुरआनची शिकवण. मग दुसऱ्याच्या पराक्रमाचे श्रेय तरी आम्हाला फुकट कसे मिळेल?

इंग्लंडमध्ये विंचेस्टरला बाराव्या शतकातील बिशपच्या वोल्व्हसी किल्ल्याचे अवशेष आहेत. धर्मगुरू असूनही हेन्री ऑफ ब्लॉइसने तिथे तटबंदी उभारली होती. पुढे त्या देशाने पोपची सत्ता झुगारली, तरी ते अवशेष साऱ्या देशाचा ठेवा म्हणून जपले जातात.

आमचेही नाते मालकीचे नाही, अमानतीचे आहे. फर्मान शहाचे असेल, पण दगड घडवले ते पाथरवटांनी. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या घामाचे वारस सारे सांगोले आहे. तट कोणी बांधला, याचा जबाब आम्हाला द्यावा लागणार नाही. आमच्या हयातीत तो ढासळला, किंवा त्याच्या नावाने शेजारी शेजाऱ्यापासून तुटला, तर त्याचा मात्र द्यावा लागेल.