सोसणं कोणाच्या सोयीचं?

बायको सोशिक आहे, असं मी चाळीस वर्षं लोकांत मोठ्या अभिमानानं सांगत आलो. आता तो शब्द तोंडात अडतो.

रोवणीचे दिवस होते. भर दुपारी ती बांधीतून निघून धुऱ्यावर बसली. जबडा दुखते म्हणे, पाठ भरून आली, मळमळते. अंगाला दरदरून घाम. छातीत दुखते का, मी विचारलं.

"दुखत नाई जी, दाबल्यावानी वाटते. पित्त असन. परे सुकतीन, तेवढे लावू द्या."

मी ओवा-मीठ दिलं आणि पुन्हा चिखलात उतरलो. रात्री तिनंच भात रांधला. मी जेवलो.

आदल्या साली मध्यरात्री माझ्या छातीत कळ आली होती. तेव्हा तिनं शेजाऱ्याला उठवलं, ऑटो काढायला लावला, वैनगंगेचा पूल ओलांडून मला भंडाऱ्याला नेलं. निघाला गॅस. म्हणजे माझा गॅस हृदयविकार ठरला आणि तिचा हृदयविकार पित्त. पूल तर तोच होता.

दुसऱ्या दिवशी तिला पायरी चढवेना, तेव्हा नेलं. ईसीजीची पट्टी पाहून डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हणालो, "सकाळपासून." तिनं माझ्याकडं पाहिलं. बोलली काही नाही.

ती वाचली, पण दम गेला तो गेलाच. रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरतो, मेलेला भाग परत येत नाही. बायांनाही छातीत दुखतेच. पण कधी नुसता जबडा, पाठ, ओकारी, धाप, नाहीतर विनाकारण थकवा, एवढंच असते. पाळी गेल्यावर धोका वाढतो. साखर, बीपी, तंबाखू असली तर आणखीच. आणि आपण समजतो, हा पुरुषांचा आजार. पडद्यावर साऱ्यांची आई झालेल्या रीमा लागू 18 मे 2017 ला हृदय बंद पडून गेल्या, वय अवघं 58. बातमी ऐकून हळहळलो होतो मी. घरच्या बाईचं मात्र मनातही आलं नाही.

ती म्हणते, "मीच सांगतलं नाई, तुमचा काय दोष?" पण विचारलं मीच होतं, आणि मला पाहिजे तेच उत्तर मिळाल्यावर दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिच्या सोसण्यावर माझे परे लागले. मग तो गुण तिचा, की सोय माझी?

दाराजवळच्या भिंतीवर चुन्यानं 108 लिहून ठेवलं आहे. आता मी दिवसातून तीनदा विचारतो. ती वैतागते, "किती विचारता जी!"

त्या दिवशीचं "सकाळपासून" मात्र आमच्यात अजून निघालेलं नाही.