त्या वाटेने का गेलीस?



सध्या कॉलेज प्रवेशाचे दिवस आहेत. गेल्या रविवारी मिस्सानंतर एक आई भेटली. मुलीला शिक्षणासाठी दूरच्या शहरात वसतिगृहात ठेवणार होती. "काळजी वाटत नाही का?" असे मी विचारले, तर ती चटकन म्हणाली, "फादर, कॉलेज आपल्या धर्माचं आहे, मग कसली काळजी?" तिचा विश्वास पाहून बरे वाटले. पण आपल्या धर्मसंस्था ह्या विश्वासाला पात्र आहेत का, हा प्रश्न मात्र मनातून जाईना.

आजच्या शुभवर्तमानात (लूक १०:२५-३७) दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आहे. लुटारूंनी एका प्रवाशाला मारून अर्धमेला टाकले. याजक आला, लेवी आला. दोघेही बघून बाजूने निघून गेले. शोमरोनी मात्र थांबला. लक्षात घ्या, त्याने जखमी माणसाला एकही प्रश्न विचारला नाही. एकटा का निघालास? ह्या वाटेने का आलास? असे काही नाही. आधी जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत नेले.

ह्या दाखल्याच्या अगदी उलट घडलेली एक गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे. अमेरिकेत युटा राज्यातील प्रोव्हो शहरात ब्रिगम यंग विद्यापीठ आहे. १८७५ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ मॉर्मन पंथीयांचे असून तेथे तीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. प्रवेश घेताना प्रत्येकाला आचारसंहिता मान्य करावी लागते. लग्नाआधी शरीरसंबंध नाही, दारू नाही, चहा-कॉफी नाही, मुलामुलींनी एकमेकांच्या झोपायच्या खोलीत जायचे नाही. चहाचा नियम सोडला, तर बाकीचे नियम आपल्यातील बहुतेक आईवडिलांना आवडतील.

पण २०१६ च्या एप्रिल महिन्यात तेथील काही विद्यार्थिनी उघडपणे बोलू लागल्या. आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार केली, तेव्हा विद्यापीठाने आपलीच चौकशी सुरू केली, असे त्यांचे म्हणणे होते. त्या रात्री तू त्याच्या खोलीत का होतीस? दारू घेतली होतीस का? मदत मागायला गेलेली मुलगीच गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. ही बातमी इतर मुलींच्या कानांवर गेल्यावर काय होणार? त्या तोंड उघडणार नाहीत. आणि अत्याचार करणाऱ्याला हेच हवे असते. "तू सांगितलेस तर तुलाच काढून टाकतील," असे म्हणायला तो मोकळा होतो. पावित्र्य राखण्यासाठी केलेला नियम अशा वेळी पावित्र्य लुटणाऱ्याच्या हातातले शस्त्र बनतो.

'सॉल्ट लेक ट्रिब्यून' ह्या तेथील वृत्तपत्राने हे प्रकरण लावून धरले. त्या लिखाणाला २०१७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. विद्यापीठानेही शेवटी डोळे उघडले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांनी स्वतःच समिती नेमली. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने २३ शिफारशी केल्या आणि विद्यापीठाने त्या स्वीकारल्या. अत्याचाराची तक्रार घेणारे कार्यालय आणि शिस्त पाहणारे कार्यालय वेगळे करावे, पीडितेला आधार देण्यासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमावी आणि तक्रार करणाऱ्या मुलीला त्या प्रसंगातील आचारसंहितेच्या भंगाबद्दल शिक्षा करू नये, ह्या त्यांतील महत्त्वाच्या गोष्टी होत्या.

दुसऱ्याच्या घरातील दोष दाखवावेत म्हणून मी हे सांगत नाही. अशा विषयात आपल्या ख्रिस्तसभेलाही जगापुढे मान खाली घालावी लागली आहे. संस्थेचे नाव जपण्यासाठी जखमी माणसाला गप्प बसवले गेले, हे आपल्याकडेही घडले. म्हणून पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ साली धर्मगुरू आणि व्रतस्थांविषयीच्या तक्रारींसाठी नवे नियम केले. तक्रार करणाऱ्यावर मौनाची सक्ती करता येणार नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

काही जण म्हणतील, "फादर, नियम तो नियम. मुलगी नियम मोडते आणि तिला माफी? मग शिस्त कशी राहील?" प्रश्न रास्त आहे. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्याचे उत्तर एका साध्या उदाहरणाने दिले आहे. ठेव मालकाला परत करावी, हा चांगला नियम आहे. पण तलवार ठेवून गेलेला मालक वेडाच्या भरात ती मागायला आला, तर? तलवार देणारा नियम पाळतो, पण नियमाचा हेतू मारतो. माणसाच्या भल्यासाठी केलेला नियम माणसाच्याच जिवावर उठू लागला, की नियमाच्या हेतूशी इमान राखावे लागते.

आपल्या ख्रिस्तसभेजवळ तर ह्याहून मोठा धडा आहे. धर्मसंहितेचा ९८४ क्रमांकाचा नियम सांगतो, की पापनिवेदनातून कळलेली गोष्ट धर्मगुरूने पापनिवेदन करणाऱ्याच्या नुकसानीसाठी कधीही वापरू नये. गुपित बाहेर फुटणार नसले तरीही नाही. का? कारण तो दरवाजा भीतीने बंद झाला, तर कोणी आतच येणार नाही. पापी माणसाला आपण एवढे अभय देतो. अत्याचार झालेली मुलगी तर पापनिवेदनाला आलेली नसते, ती जखम घेऊन आलेली असते. मदत मागताना तिने जे सांगितले, ते तिच्याविरुद्ध वापरणाऱ्या संस्थेने आपल्या दारावर क्रूस कशासाठी लावावा?

मग आरोप झालेल्याचे काय? त्यालाही न्याय हवाच. दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय वाचा. सुसान्नाविरुद्ध दोन वडीलधाऱ्यांनी साक्ष दिली आणि ते मानाचे लोक म्हणून सभेने चौकशीशिवाय तिला मरणाची शिक्षा फर्मावली. दानिएलने दोघांना वेगळे करून प्रत्येकाला विचारले, "कोणत्या झाडाखाली?" दोघांनी दोन वेगळी झाडे सांगितली आणि खोटेपणा उघडा पडला. न्याय हुद्दा पाहून होत नाही, नीट चौकशीने होतो. जखम बांधणे आधी, चौकशी त्यानंतर, पण दोन्ही झालेच पाहिजे.

आपल्या देशात ह्यासाठी कायदा आहे. २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम ह्यांनुसार प्रत्येक महाविद्यालयात तक्रार समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री असते. धर्मसंस्थांची महाविद्यालयेही त्यातून सुटलेली नाहीत. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत तर २०१२ च्या 'पोक्सो' कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अकरावी-बारावीची बहुतेक मुले त्यात येतात. "घरातल्या घरात मिटवू," हे तेथे चालत नाही.

म्हणून आईवडिलांना विनंती. प्रवेशाच्या दिवशी फी आणि जेवणाची चौकशी करता, तशी समितीत कोण आहे हेही विचारा. वाईट वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही. आपल्या धर्मग्रामातील शिक्षक, प्राध्यापक आणि सिस्टर्स ह्यांना विनंती, की मुलगी दारात आली तर पहिला प्रश्न "तू तिथे का गेलीस?" असा नसावा. "तू बरी आहेस ना? बस, पाणी पी," असा असावा.

आणि आज घरी गेल्यावर आपल्या लेकीला एक वाक्य जरूर सांगा: "बाळा, तुझ्याकडून नियम मोडला असेल, आमचे ऐकले नसशील, तरी काही वाईट घडले तर आधी आम्हांला सांग. आम्ही तुझ्या बाजूला आहोत." हे वाक्य तिने घरात ऐकले असेल, तर बाहेर बोलायचे बळ तिला मिळेल.

दाखला संपवताना प्रभू येशूने शास्त्र्याला तसेच वागायला पाठवले. आपल्यालाही त्याच वाटेने जायचे आहे. प्रभू आपल्या मुलींचे रक्षण करो आणि आपल्या संस्थांना उतारशाळेसारखे दार देवो. आमेन.

– आपले धर्मगुरू