मुके दिवस
सन १८२९ त रे. जॉन विल्सन हे २४ वर्षांचे तरुण मिशनरी मुंबईस उतरले व मराठी शिकावयास पत्नी मार्गारेट यांसह रत्नागिरी जिल्ह्यांतील बाणकोट व हर्णै येथे जाऊन राहिले. तेथे त्यांची सेवा ती काय? शब्द घोकणे, चुकणे, पुन्हा विचारणे. वाचकहो, असले मुके दिवस प्रभूच्या हिशेबी धरावे काय? आम्हांस वाटते, धरावे. ज्यांस शिकवावयाचे, त्यांच्याच पायांशी शिकणारा आधी बसतो. (आम्हां उपदेशकांस हे बसणेच जड जाते!) परंतु १८२३ त बाणकोटास येऊन त्याच वर्षी निवर्तलेले डॉनल्ड मिचेल? त्यांस पीक पाहण्याइतकाही वेळ लाभला नाही. त्यांचेही दिवस आम्ही त्याच वहीत मांडतो. मात्र मांडताना हात अडखळतो.