भूमीतील ठेव कोणाची?

वाटेवर पडलेली वस्तू उचलणाऱ्याची होते काय, या प्रश्नाचे उत्तर आपण आपल्या मुलांस फार लवकर देऊन टाकतो. जे आपले नव्हे ते घेऊ नये, एवढे सांगितले की आपले कर्तव्य संपले असे आपणांस वाटते. परंतु तीच वस्तू वाटेवर न पडता वीतभर मातीखाली असली, आणि तिचा धनी केव्हाच कालवश झालेला असला, म्हणजे हे सोपे उत्तर पुरे पडेनासे होते. गेल्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आमच्यावर असाच प्रसंग आला. तेव्हापासून जो विचार मनात घोळत आहे, तो वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

आमचा एक पुतण्या पुण्यास नोकरीस असतो. जुनी नाणी जमविण्याचा त्यास नाद आहे, आणि त्या नादापायी त्याने जमिनीतील धातू हुडकणारे एक यंत्र विकत घेतले आहे. या यंत्राचे तत्त्व कठीण नाही. लांब दांड्याच्या टोकाशी थाळीएवढे कडे असते. त्यातील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह वाहतो व त्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. जवळ धातू आला म्हणजे त्यातही प्रवाह उमटतात, आणि त्यांच्यामुळे मूळ क्षेत्रात जो फरक पडतो तो यंत्र नादरूपाने कळविते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरील यंत्र वापरून पाहिले होते. गोळी मात्र त्यांस सापडली नाही. आमच्या लहानपणी हे काम पायाळू मनुष्याचे समजत. पायांकडून जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले म्हणजे त्यास भूमीतील गुप्तधन दिसते, अशी समजूत सर्वत्र होती. आता पायाळूची जागा यंत्राने घेतली आहे. त्यास पाठविणारी इच्छा मात्र जुनीच आहे.

आमच्या थोरल्या बंधूंच्या शेतात पुतण्याने हे यंत्र दोन दिवस फिरविले. कपाशी निघून गेलेली, जमीन उन्हाने भेगाळलेली. यंत्र पदोपदी बोले. निघाले काय, तर वखराच्या पासेचा तुकडा, बैलाची झिजलेली नाल, गाडीच्या धावेचा एक पत्रा, विळ्याचे पाते, आणि ज्याच्यावरचे अक्षरन् अक्षर पुसून गेले आहे असा एक ढबू पैसा. सातवाहनांचे नाणे सापडावे ही त्याची इच्छा होती. सापडला तो आमच्याच घराण्याच्या तीन पिढ्यांच्या श्रमांचा मोडका अवशेष. आम्हांस तोही मोलाचा वाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुऱ्यावरच्या निंबाखाली यंत्र पुन्हा बोलले. हातभर उकरल्यावर एक काळवंडलेले लहानसे कडे हाती आले. घासून पाहता ते चांदीचे निघाले. तो तान्ह्या मुलाच्या पायांतील वाळा होता. वाळे जोडीने असतात, तेव्हा दुसरा खाली असणार, हे ओळखून पुतण्या पुढे खणू लागला. इतक्यात आमच्या काकू काठी टेकीत तेथे आल्या. काकूंचे वय नव्वदीच्या पुढे आहे. त्यांनी वाळा हातात घेतला, निंबाकडे पाहिले, आणि त्या पुतण्यास म्हणाल्या, "खंदू नको बाबू. ते ज्याचं हाय त्याच्यापाशी राहू दे."

मागाहून त्यांनी सांगितले ते असे. १९१८ सालच्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीत, जिला आपले लोक मानमोडी म्हणत, आमच्या आजीचे पहिले मूल गेले. त्या साथीचा हिंदुस्थानातील ज्या प्रांतांस सर्वांत अधिक तडाखा बसला त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड हे होते. सरणास लाकूड मिळेना, खांदा द्यावयास माणूस मिळेना, अशी स्थिती होती. मूल वर्षा-दीड वर्षाचे, म्हणून रीतीप्रमाणे त्यास अग्नी न देता धुऱ्यावर पुरले. पुढे अक्षय्यतृतीयेस आजी त्या निंबाच्या मुळाशी तांब्याभर पाणी घाली. का घाली, हे तिने एकट्या काकूंस सांगितले होते.

आता प्रश्न असा की, तो वाळा कोणाचा?

कायद्याचे उत्तर तयार आहे. १८७८ सालच्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत लपविलेली कोणतीही मूल्यवान वस्तू हा निधी होय. तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडविणाऱ्याने ती कलेक्टरास कळविली पाहिजे. न कळविल्यास त्याचा हिस्सा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शंभर वर्षांच्या आत कोणी ती लपविली असल्याचे दिसून आले तर मूळ धन्याच्या वारसास आपला हक्क दिवाणी न्यायालयात सांगता येतो. तसे नसल्यास वस्तू बेवारस ठरते, आणि आपसांत निराळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडविणाऱ्यास व एक चतुर्थांश जमिनीच्या मालकास मिळते. सरकारास ती हवी असली तर सरकार धातूची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेऊ शकते. कायदा करणाऱ्यांस दोष देण्याचे कारण नाही. स्मृतीस कोठेतरी मर्यादा घातलीच पाहिजे, आणि शंभर वर्षे ही कृपण मर्यादा नव्हे. परंतु १९१८ सालास शंभर वर्षे होऊन गेली आहेत. कायद्याच्या हिशेबी जे विसरले गेले, ते काकूंच्या हिशेबी अद्याप विसरलेले नाही.

दुसरे उत्तर विद्येचे आहे, आणि ते आम्हांस कायद्याहून अधिक वजनदार वाटते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एके ठिकाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. एकेक नाणे सुटे सापडते तर ते एक जुने नाणे एवढेच ठरले असते. सर्व एकत्र सापडल्यामुळे एका राजाने दुसऱ्याचे राज्य जिंकले, ही गोष्ट त्यांच्या संख्येनेच सिद्ध झाली. १९३९ साली तऱ्हाळा येथे, म्हणजे त्या वेळच्या अकोला व आताच्या वाशीम जिल्ह्यात, सातवाहनांची मिश्र धातूची दीड हजारांवर नाणी निघाली. महामहोपाध्याय मिराशी यांनी ती वाचली तेव्हा कुंभ, कर्ण व शक या सातकर्णींची नावे प्रकाशात आली. पुराणांच्या वंशावळींत ही नावे नाहीत. त्याच वर्षी वाशीम येथे मिळालेल्या ताम्रपटाने वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासास परत दिली; तो प्रथम प्रसिद्ध करणाऱ्या दोघांपैकी एक, यशवंत खुशाल देशपांडे, हे यवतमाळचेच होते. हे पत्रे व ही नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर त्यांची जी किंमत आली असती, ती एका पंधरवड्यात खर्चून गेली असती.

म्हणून सापडलेली वस्तू जागेवरून हलविण्यापूर्वी जाणत्यास बोलवावे, हा नियम आम्हांस केवळ सरकारी वाटत नाही. तो नैतिक आहे. १९९२ साली इंग्लंडात सफोक परगण्यात एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधून द्यावी म्हणून त्याचा एक मित्र असले यंत्र घेऊन गेला, आणि त्यास रोमन काळची सुमारे पंधरा हजार नाणी लागली. मोह पडण्यासारखाच प्रसंग. परंतु त्याने उकरणे थांबविले व अधिकाऱ्यांस वर्दी दिली. त्यामुळे नाणी ज्या लाकडी पेटीत होती तिच्या कुजलेल्या खुणादेखील संशोधकांस टिपून घेता आल्या. हातोडीही सापडली, आणि ती आज त्या नाण्यांबरोबर ब्रिटिश म्युझियमच्या संग्रही आहे.

मग हाच नियम वाळ्यास लावावयाचा काय? आमच्या पुतण्याने हाच प्रश्न आम्हांस विचारला, आणि तो रास्त होता. नाणी सांगावी आणि वाळा लपवावा, हे आप्तपणाचे पक्षपाती तर्कशास्त्र नव्हे काय?

या ठिकाणी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. भूमीत वस्तू दोन हेतूंनी जाते. एक ठेव म्हणून, दुसरी देणे म्हणून. ज्याने जोगलटेंभीची नाणी पुरली तो ती परत काढण्याच्या इराद्यानेच पुरीत होता. लढाई, दुष्काळ, मृत्यू, काहीतरी आड आले आणि तो परत आला नाही. प्रत्येक निधीमागे असा एक न परतलेला माणूस आहे. त्याचा हेतू अपुरा राहिला. ती ठेव आपण उघडली तर त्याच्या इच्छेविरुद्ध काही करीत नाही, उलट ती नीट जपली व वाचली तर त्याच्या अपुऱ्या कार्यास थोडासा शेवट देतो. परंतु आजीने वाळे ठेवले नव्हते, दिले होते. ती ते पुन्हा घेणार नव्हती. साथीच्या त्या वर्षी घरात धान्याची चणचण असताही तिने चांदी पायांतून उतरवून घेतली नाही, यातच तिचा हेतू स्पष्ट आहे. ठेवीस वारस असू शकतो. दिलेल्या वस्तूस दुसरा वारस कसा असेल? कायद्याचा शब्दही 'लपविलेली' असा आहे, आणि हा वाळा कोणापासून लपविलेला नव्हता. कायदेपंडित आमचा अर्थ मान्य करतील किंवा न करतील. आम्हांस तो प्रामाणिक वाटतो.

यावर एक आक्षेप उरतो, व तो टाळणे बरे नव्हे. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी येथील शिळावर्तुळे म्हणजे मृतांच्याच जागा; त्यांतून संशोधकांनी मडकी, लोखंडी हत्यारे व घोड्यांचे साज काढले, आणि त्यांवरून विदर्भाच्या लोहयुगाचे ज्ञान आपणांस झाले. तीही दिलेलीच वस्तू होती. मग ते अनुचित होते काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. मात्र ते ज्ञान फुकट मिळालेले नाही, एवढे आपण कबूल केले पाहिजे. जेथे पाणी घालणारे कोणी उरले नाही, आणि खणणारा स्वतःसाठी नव्हे तर सर्वांसाठी, मोजून व लिहून खणतो, तेथे मृतांकडून आपण काही मागून घेतो. आणि जे मागून घेतले ते आदराने सांभाळण्याचे ऋण आपल्यावर राहते. नाद म्हणून, किंवा जोडीतला दुसरा हवा म्हणून खणणाऱ्यास हा आधार घेता येणार नाही. यंत्रास पैसा आणि वाळा यांतील अंतर कळत नाही. ते दोहोंसाठी बोलते. ते अंतर ओळखण्याचे काम यंत्र धरणाऱ्याचे आहे.

पुतण्याने वाळा होता तेथे ठेवला व हाताने माती लोटली. ढबू पैसा त्याने काकूंच्या अनुज्ञेने खिशात घातला; त्याची किंमत दहा रुपयेही भरणार नाही. यंत्र मिटवून पिशवीत भरताना त्याने काकूंस विचारले, "आजी, त्या बाळाचं नाव काय होतं?"

काकूंनी पुष्कळ वेळ आठवून पाहिले. सासूबाईंनी ते कधी उच्चारले नव्हते. तऱ्हाळ्याच्या नाण्यांनी तीन विसरलेल्या राजांची नावे आपणांस परत दिली; हे नाव परत देईल अशी कोणतीही वस्तू त्या शेतात नाही. यंदाच्या अक्षय्यतृतीयेस काकूंबरोबर पुतण्याही निंबाखाली गेला होता, असे बंधूंच्या पत्रावरून कळते.